घरी बनवलेला कंप्रेसर: मीटर ० ला बरोबर, १० ला बरोबर, मधे ५ ला मात्र थापा मारतो

खरखर_बंद

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यापासून एक स्टिरिओ बस कंप्रेसर बनवतोय, म्हणजे पूर्ण मिक्समधले चढलेले आवाज आपोआप दाबणारा डबा. जीएसएसएल, म्हणजे डेन्मार्कच्या जायराफ ऑडिओवाल्या याकोब एरलँडनी एसएसएल या स्टुडिओ कन्सोलच्या बस कंप्रेसरवरून काढलेलं ते ड्रॉइंग. व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजनी आवाज कमीजास्त करणारी चिप, दॅट कंपनीची २१८१. पीसीबी बाहेरून मागवला, बाकीचा माल पुण्यात बुधवारातून, तापकीर गल्लीत तीन चकरा मारून. डबा ओळखीच्या पत्रेवाल्याकडून वाकवून घेतला. आवाजाबद्दल काहीच तक्रार नाहीये. मी मुख्यतः भजनी मंडळांची रेकॉर्डिंग करतो, पखवाज आणि टाळ एकदम चढले की मिक्स फाटायचं ते आता छान एकत्र बसतंय.

घोळ मीटरचा आहे. मला ते मोठ्या पिवळ्या तोंडाचं, काट्यानी आवाजाची पातळी दाखवणारं व्हीयू मीटर लावायची हौस, म्हणून ५०० मायक्रोअँपचं घेतलं, कॉइल ६५० ओहम भरतंय. कंप्रेशन नसताना काटा ० वर उभा आणि कंप्रेशन झालं की डावीकडे खाली यायला पाहिजे, ११७६ या जुन्या कंप्रेसरला येतो तसा. त्यासाठी टीएल०७२ ऑपअँपचा छोटा बोर्ड केला, कंट्रोल व्होल्टेज (व्हीसीएला किती दाबायचं ते सांगणारं) आत, बाहेर मीटर, मधे दोन प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरनी फिरवायचे छोटे रेझिस्टर), एक झिरोचा आणि एक स्पॅनचा. मीटरच्या सिरीजमध्ये २.७के आणि १के चा स्पॅन प्रीसेट.

कॅलिब्रेशन असं केलं. इंटरफेसमधून १ किलोहर्ट्झचा टोन, कंप्रेसरमधून परत इंटरफेसमध्ये. थ्रेशोल्ड (ज्याच्या वर आवाज दाबला जातो ती पातळी) पूर्ण वर करून रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल लिहून घेतली. मग थ्रेशोल्ड हळूहळू खाली आणत लेव्हल बरोब्बर १० डीबी पडली तिथे थांबलो आणि स्पॅन फिरवून काटा -१० वर आणला, परत झिरो बघितला, परत स्पॅन, असं पाचसहा वेळा. आता ० ला ० आणि १० ला १० एकदम चोख. पण मधे बघा,

खरं ३ डीबी, काटा २ वर
खरं ५ डीबी, काटा साडेतीनच्या जरा पुढे
खरं ७ डीबी, काटा ५ आणि ७ च्या मधे
खरं १२ डीबी, काटा १० आणि २० च्या साधारण मधोमध
१५ च्या आसपास काटा डावीकडच्या खिळ्याला जाऊन टेकतो

५ ला जुळवायला गेलं की १० बिघडतं. ऑपअँप बदलून झाला, साधे प्रीसेट काढून मल्टीटर्न टाकले, मित्राकडून दुसरं तसलंच मीटर आणून लावलं, सेम टू सेम. आता डोकं चालत नाहीये. मीटरच भंगार आहे का? दोन्ही एकाच दुकानातली आहेत म्हणून विचारतोय.

अजून एक, पुढे स्विच आहे जीआर (गेन रिडक्शन, म्हणजे किती कंप्रेशन झालं ते) आणि आउट (बाहेर जाणारी लेव्हल) असा. आउटला ० व्हीयू म्हणजे +४ डीबीयू (स्टुडिओतली नेहमीची लेव्हल) करायचंय. त्याचंही कुणी सांगितलं तर बरं होईल.

जळका_रेझिस्टर

एफईटी (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) मॅच केले होतेस का? हा टिपिकल एफईटी मिसमॅचचा प्रॉब्लेम आहे. सिग्नलचा एफईटी आणि मीटरचा एफईटी एकाच लॉटमधले, एकाच कटऑफ व्होल्टेजचे लागतात नाहीतर मीटर ट्रॅक होतच नाही, कितीही प्रीसेट फिरव. मी माझ्या वेळी २एन५४५७ चे वीस घेऊन बसलो होतो, त्यात कसेबसे दोन जुळले. आणि क्यू बायस, म्हणजे एफईटीचं सुरुवातीचं व्होल्टेज, केलास का आधी? अटॅक ऑफ करून आउटपुट +१ वर आण आणि मग क्यू बायस फिरवून १ डीबी पाड, त्याशिवाय पुढचं काहीच जुळणार नाही.

नाशिकची_माईकवाली

अरे जळक्या, नीट वाच की रे, त्याच्याकडे एफईटीच नाहीये. तो व्हीसीएवाला कंप्रेसर आहे, तू ११७६ सांगतोयस त्याला.

@खरखर_बंद, आधी दोनतीन गोष्टी सांगा. मोजताना मेकअपचा (दाबलेला आवाज परत वाढवायचा) नॉब हलला नाही ना? रिलीज (दाबलेला आवाज किती वेळात सोडायचा ते) कशावर होता, ऑटोवर असेल तर काटा आणि लेव्हल दोन्ही सावकाश सरकत राहतात आणि आपण मधलाच आकडा लिहून मोकळे होतो. आणि डबा चालू करून किती वेळानी मोजलंत? २१८१ ला १ डीबीसाठी साधारण ६.१ मिलीव्होल्ट लागतात पण हा आकडा गरमीबरोबर वाढतो, डिग्रीमागे ०.३३ टक्के. झाकण लावलेल्या डब्यात १५ डिग्री चढले तर ५ टक्के झाले, म्हणजे मीटर १० दाखवत असताना खरं कंप्रेशन साडेनऊ. तुमचा घोळ यापेक्षा बराच मोठा आहे, तरी अर्धा तास चालू ठेवून मगच मोजत जा.

खरखर_बंद

@माईकवाली ताई, मेकअपच्या नॉबला मी चिकटपट्टीच मारून ठेवली होती, त्यामुळे तो हलायचा प्रश्नच नाही. रेशो ४, अटॅक १०, रिलीज १.२. चालू करून चहा पिऊन आलो होतो तेवढाच वेळ, फार तर दहा मिनिटं. आज परत अर्ध्या तासानी बघितलं, सगळे आकडे एका केसाइतके सरकले, पण ५ ला साडेतीन ते साडेतीनच.

@जळका_रेझिस्टर दादा, एफईटी खरंच नाहीत हो. तरी वेळ काढून सांगितलंत, आभारी आहे.

काटा_काका

मीटर भंगार नाही. दोन मीटरं सारखंच खोटं बोलतायत म्हणजे दोन्ही शहाणी आहेत, चूक तिसरीकडे आहे.

माझी नोकरी कारखान्यात इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला गेली, प्रेशर गेज आणि पॅनेल मीटर यांच्यातच हयात गेली, ऑडिओमधलं मला तुमच्याइतकं कळत नाही. पण आमच्याकडे नियम असा होता की काट्याशी भांडायच्या आधी काट्याला काय खायला घालतोय ते मोजायचं. तर एक काम कर. ऑपअँपच्या आउटपुटला मल्टिमीटर डीसीवर लाव आणि खरं कंप्रेशन ०, ५, १० आणि १२ असताना तिथे किती व्होल्ट आहेत ते लिही. मीटर काढू नकोस, लावलेलंच असू दे.

आणि डब्यात २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे ना? त्याच्या टोकांवर स्लीव्ह चढवलीयस का? प्रीसेट फिरवताना प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर घे आणि दुसरा हात खिशात ठेव. हसू नकोस, सांगितलं ते कर.

खरखर_बंद

काका हे घ्या,

० डीबी: १.४६ व्होल्ट
५ डीबी: ०.९६
१० डीबी: ०.४६
१२ डीबी: ०.२६

स्लीव्ह नव्हती. चढवली.

काटा_काका

शाब्बास. आता तूच बघ, ५ डीबीला अर्धा व्होल्ट पडला, पुढच्या ५ ला परत अर्धाच, पुढच्या २ ला ०.२. म्हणजे डीबीमागे सरळ ०.१ व्होल्ट. तुझा बोर्ड मापात काम करतोय, त्याला उगाच छळलंस.

आता मीटरच्या तोंडाकडे बघ. ० ते -३ हे अंतर केवढं आहे आणि -१० ते -२० केवढं? पहिलं अंतर ३ च डीबीचं आणि ते ऐसपैस, दुसरं १० डीबीचं आणि कोपऱ्यात चेपलेलं. का? कारण व्हीयू मीटर मूळचं व्होल्टेज मोजायला केलेलं. खाली काटा व्होल्टेजप्रमाणेच हलतो, वर फक्त आकडे डीबीत छापलेत. व्होल्टेज निम्मं झालं की ६ डीबी, परत निम्मं झालं की अजून ६, म्हणून डावीकडे जाताना आकडे एकमेकांच्या अंगावर चढतात. +३ ला पूर्ण ५०० मायक्रोअँप धरले तर ० येतो सुमारे ३५४ वर, -१० येतो ११२ वर आणि -२० पार ३५ वर.

तुझ्या व्हीसीएचं कंट्रोल व्होल्टेज मात्र आधीच डीबीच्या हिशोबात चालतं, प्रत्येक डीबीला सारखी ढांग. तू सारख्या ढांगा टाकणाऱ्या माणसाला चेपलेल्या पायऱ्यांच्या जिन्यावर चढवलंयस. दोन प्रीसेटनी दोन पायऱ्या जुळवता येतात, त्या तू जुळवल्यास, ० ची आणि १० ची. मधल्या कशा जुळतील?

हिशोबच करून दाखवतो. ३५४ ते ११२ मधे २४२ मायक्रोअँप, भागिले १०, म्हणजे तुझा काटा डीबीमागे २४.२ मायक्रोअँप उतरतो. ५ डीबीला उरले २३३. व्हीयूच्या तोंडावर २३३ मायक्रोअँपला काय छापलंय? २३३ भागिले ३५४ म्हणजे ०.६६, म्हणजे -३.६. तू काय लिहिलंस, साडेतीनच्या जरा पुढे. ३ डीबीला येतो -२. १२ डीबीला ६३ मायक्रोअँप उरतात, ते येतात -१५ ला, तुझं "१० आणि २० च्या मधोमध". आणि १४.६ डीबीला करंटच संपतो, म्हणून काटा खिळ्याला. तुझा एकूण एक आकडा जुळतोय. मोजणी चांगली केलीस, म्हणून पकडता आलं.

खरखर_बंद

काका!!! तीन रविवार गेले माझे यात. मल्टीटर्न प्रीसेटला दोनशे रुपये घातले ते वेगळेच.

पण मग ११७६ ला व्हीयूचंच तोंड असतं ते कसं काय चालतं?

जळका_रेझिस्टर

हे मी सांगतो, माझी भरपाई म्हणून. ११७६ मधे मीटरला नुसतं कंट्रोल व्होल्टेज जात नाही. सिग्नलला दाबणारा एक एफईटी असतो तसाच दुसरा एफईटी मीटरच्या सर्किटमधे बसवलाय आणि दोघांना कंट्रोल तेच. म्हणजे मीटर बघतं ते त्या दुसऱ्या एफईटीनी किती दाबलं ते, गेन व्होल्टेजमधेच येतो, आणि व्होल्टेजला व्हीयूचं तोंड बरोबर. म्हणून तर एफईटीच्या मॅचिंगची एवढी कटकट, दुसरा भाऊ पहिल्यासारखा वागला नाही तर मीटर भलतंच सांगणार. एलए-२ए या दुसऱ्या जुन्या कंप्रेसरमधे पण हीच युक्ती, तिथल्या टी४ च्या डबीत एकच दिवा आणि त्याच्यासमोर दोन एलडीआर (उजेडाप्रमाणे बदलणारे रेझिस्टर), एक ऑडिओचा, एक मीटरचा.

म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो. फक्त दुसऱ्याच कंप्रेसरबद्दल बोलत होतो.

नाशिकची_माईकवाली

काकांनी सांगितलं तोच खड्डा एलईडीवाल्यांच्या वाटेत पण आहे, आणि मी स्वतः त्यात पडून आलेय म्हणून सांगते. मला काट्याची हौस नव्हती, दहा एलईडीची पट्टी लावायची होती. ऑडिओ म्हटलं की सगळे एलएम३९१५ ही एलईडी पेटवायची चिप सांगतात, मी पण तोच लावला. त्याच्या पायऱ्या लॉग, प्रत्येकी ३ डीबी. कंट्रोल व्होल्टेज आधीच डीबीत, त्याच्यावर चिपनी परत एकदा लॉग केलं, पहिले एलईडी भराभरा पेटायचे आणि शेवटचे दोन काही केल्या पेटेनात. मी चिप जळाली समजून दोन वेळा बदलली. तिथे लागतो एलएम३९१४, साधा सरळ, एका एलईडीला २ डीबी धरले की दहात २० डीबी. पायांची मांडणी सारखीच आहे त्यामुळे नुसती चिप उपटून दुसरी बसवली, काम झालं.

तुमच्यापुढे दोन वाटा दिसतात. एक म्हणजे मीटरच्या आधी अँटीलॉग (डीबीच्या हिशोबाचं परत साधं व्होल्टेज करणारं) सर्किट टाकायचं, म्हणजे व्हीयूच्या तोंडाला हवा तसा करंट मिळेल. होतं, पण ट्रान्झिस्टरची जोडी, परत तिचं टेम्परेचर, परत कॅलिब्रेशन, मी तरी नाही करणार. दुसरी वाट म्हणजे तोंडच बदला.

काटा_काका

माईकवालीबाई बरोबर सांगतायत. तोंड बदल. आणि बदलतोच आहेस तर काटा ११७६ सारखा उजवीकडे उभा करायचा हट्ट सोड. ज्या कन्सोलवरून तुझा डबा काढलाय त्याच्या मीटरवर ० डावीकडे असतो आणि काटा उजवीकडे चढतो, ०, ४, ८, १२, १६, २० असे सारख्या अंतरावरचे आकडे. तसं केलंस तर झिरोचा प्रीसेटच उडाला. करंट नाही म्हणजे कंप्रेशन नाही, आणि शून्य लावायला मीटरच्या पोटावरचा तो प्लॅस्टिकचा स्क्रू आहेच.

बोर्डवर फार काही करायचं नाही. झिरोच्या प्रीसेटकडून जो रेझिस्टन्स ऑपअँपला जातो तो उचल. आता आउटपुट ० पासून निघून मायनसमधे उतरेल, २० डीबीला -२ व्होल्ट. मग मीटरच्या वायरी उलट्या कर, संपलं. ५०० मायक्रोअँपला २ व्होल्ट म्हणजे एकूण ४के, त्यातले ६५० ओहम कॉइलचे, २.७के तू टाकलेच आहेस, उरले ६५०, ते तुझ्या १के प्रीसेटमधे आरामात येतात. नवीन काही आणायला नको.

आता तोंड. कागदावर गणित करून कोन काढत बसू नकोस, ही मीटरं स्वतः तितकी सरळ नसतात, शेवटाकडे थोडी आळसावतात. मीटर बाहेर काढ, वरचं झाकण दोन्ही बाजूंनी नखानी दाबलं की निघतं. एक पेन्सिल सेल, सिरीजमधे २.२के, ४७के चा पॉट आणि मल्टिमीटर मायक्रोअँपवर. पॉट आधी पूर्ण जास्तीवर ठेव मगच सेल लाव. मग १०० मायक्रोअँपला एक टिंब, २०० ला दुसरं, असं ५०० पर्यंत. डीबीमागे २५ मायक्रोअँप, म्हणजे प्रत्येक टिंब ४ डीबीचं. मधल्या २ च्या खुणा ५० वर घेऊ शकतोस. टिंब टेकवताना मीटर उभं ठेव, डब्यात जसं बसणार आहे तसं, आडवं ठेवून केलंस तर काटा स्वतःच्या वजनानी जरा वेगळा बसतो. एक डोळा मिटून अगदी समोरून बघायचं. आणि बघायच्या आधी टेबलावर बोटानी हलकी टिचकी मारायची म्हणजे काटा कुठे अडकला असेल तर सुटतो. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिले आठ दिवस टिचकीच शिकायचा, कुणी काचेवरच ठोसा मारायचा.

मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर ते मीटर तपासायला जाऊ नकोस. काटा धाडकन पलीकडे जाऊन आपटतो आणि वाकतो.

खरखर_बंद

काका तुम्हाला कसं कळलं, ओहमवर लावून बघितलं होतं आधीच, ६५० ओहम तसेच तर मोजले 😅 काटा शाबूत आहे, आपटला मात्र होता.

एक अडचण. स्विचवर आउट पण आहे ना, तिथे मला व्हीयूचंच तोंड लागणार. मग जुनं तोंड काढून टाकू का नको? आणि आउटचा किस्सा वेगळाच चाललाय. ० व्हीयू म्हणजे +४ डीबीयू म्हणजे १.२२८ व्होल्ट, बरोबर ना? मी टोन देऊन आउटपुटला मल्टिमीटर एसीवर लावला. १ किलोहर्ट्झला १.०८ दाखवतोय आणि तोच टोन १०० हर्ट्झ केला की १.२३. रीपरमधे दोन्हीची लेव्हल सारखीच येतेय, दशांशाचा पण फरक नाही. कुणावर विश्वास ठेवू?

नाशिकची_माईकवाली

रीपरवर. साधे मल्टिमीटर घरातली ५० हर्ट्झची लाईन मोजायला केलेले असतात, ४०० हर्ट्झच्या वर गेलं की बरेचसे ढेपाळतात. तुम्ही १०० हर्ट्झवरच १.२२८ लावा, मग टोन १ किलोहर्ट्झ करा, रीपर म्हणतोय लेव्हल तीच आहे तर तीच आहे.

मोजताना एक्सएलआर कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिनमधे मोजा. १ आणि २ मधे मोजलंत तर बॅलन्स्ड आउटपुटचं अर्धंच मिळतं आणि तुम्ही ६ डीबी जास्त ढकलून बसता. आणि हे सगळं करताना कंप्रेसर कंप्रेस करत नाहीये ना ते बघा, थ्रेशोल्ड पूर्ण वर.

मीटरच्या आधी रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारं सर्किट) काय लावलाय? ही बाजारातली ५०० मायक्रोअँपवाली मीटरं आतून निव्वळ डीसी असतात, तोंडावर व्हीयू छापलं म्हणून आत डायोड असतोच असं नाही.

खरखर_बंद

चार १एन४१४८ डायोडचा ब्रिज, सरळ आउटपुटवर, सिरीजमधे प्रीसेट. चुकलं का?

नाशिकची_माईकवाली

हो, दोन ठिकाणी. एक म्हणजे सिलिकॉन डायोड अर्धा-पाऊण व्होल्ट स्वतःच खातो, ब्रिजमधे एका वेळी दोन डायोड येतात. ० ला तुम्ही प्रीसेटनी जुळवाल, पण -१० ला सिग्नलच ०.३९ व्होल्ट, डायोड उघडणारच नाहीत, काटा झोपलेला. दुसरं वाईट म्हणजे तो ब्रिज तुमच्या आउटपुटवरूनच करंट ओढतोय आणि तोही फक्त सिग्नलच्या टोकांना, म्हणजे मीटर लावल्याबद्दल डिस्टॉर्शन फुकट. टीएल०७२ ची एक बाजू मोकळी असेल तर तिच्या फीडबॅकमधे ब्रिज घ्या आणि मीटर ब्रिजच्या मधे. ऑपअँप डायोडचा ड्रॉप स्वतः भरून काढतो आणि आउटपुटला काही झळ लागत नाही.

आणि या मीटरकडून गाण्यावर खऱ्या व्हीयूची अपेक्षा ठेवू नका. खऱ्या व्हीयूला ३०० मिलिसेकंदात काटा पोचला पाहिजे असं ठरलेलं आहे. ही स्वस्तातली मीटरं आपापल्या मर्जीनी हलतात. स्थिर टोनला बरोबर, टाळांच्या गजरात अंदाजपंचे.

काटा_काका

तोंड दोन्ही ठेव. वरची कमान व्हीयूची जशी आहे तशी, तिच्या खाली दुसरी बारीक कमान, ० ते २०, लाल शाईत. दोन स्केलचे मीटर काय कमी असतात, जुन्या मल्टिमीटरच्या तोंडावर चारचार असायचे. मूळची पत्री स्कॅन कर, कॉम्प्युटरवर खालची कमान टाक, टिंबांप्रमाणे रेषा मार आणि जाड कागदावर छाप. मूळच्या पत्रीवर काही खरडू नकोस, कागदच वर चिकटव.

स्विच डबल पोल घे. जीआरला वायरी उलट्या लागतील आणि आउटला सुलट, दोन्ही वायरी स्विचमधून फिरव.

खरखर_बंद

आठ दिवसांनी परत आलो. झालं!!

रेझिस्टन्स उचलला, वायरी उलट्या केल्या, ब्रिज ऑपअँपच्या फीडबॅकमधे घेतला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून १३० जीएसएमच्या कागदावर तोंड छापून आणलं. त्यानी विचारलं हे काय, म्हटलं मीटरचं तोंड, तो म्हणाला रिक्षाचं का. स्पॅन फक्त एकाच ठिकाणी लावला, १२ डीबीला, बाकी कुठेही हात लावला नाही. अर्धा तास गरम करून मग मोजलं,

खरं २, काटा २
खरं ४, काटा ४
खरं ८, काटा ८
खरं १२, काटा १२
खरं १६, काटा १६ च्या एक केस आत

५ ला ५ दाखवतोय हे बघायला बायकोला पण हाक मारली. तिनी बघितलं आणि विचारलं की आधी किती दाखवत होता.

मधे एक गंमत झाली. झाकण परत बसवायच्या आधी पंचानी चांगलं खसखसून पुसलं, आणि बसवलं तर काटा ३ डीबीवर जाऊन उभा, डबा बंद, वायर काढलेली तरी ३. मला वाटलं ओहमवर आपटला होता तो आत्ता नडला. तासभर डोकं धरून बसलो.

काटा_काका

हा हा. झाकणाला स्टॅटिक चढला. कोरड्या फडक्यानी प्लॅस्टिक पुसायचं नसतं. काचेवर आरशावर टाकतो तशी तोंडाची वाफ टाक, काटा आपणहून घरी येईल. नाहीतर फडकं किंचित ओलं.

खरखर_बंद

टाकली वाफ. गेला परत ० वर, माझ्या डोळ्यांदेखत हळूच सरकत गेला, जादूच.

जळका_रेझिस्टर

ती तोंडाची फाईल टाक ना इथे. माझ्याकडे तेच मीटर पडून आहे, आणि आता मी पण व्हीसीएवाला बनवायचं म्हणतोय, वीस एफईटी मोजायची ताकद राहिली नाही.

खरखर_बंद

टाकतो दादा, पण दोन दिवस थांबा. कागद फेव्हिकॉलनी चिकटवला होता, आज बघतो तर उजवीकडचा कोपरा फुगून वर आलाय आणि काटा १८ च्या पुढे गेला की कागदाला घासतोय. भजनात तिथपर्यंत जायची वेळ येत नाही, पण दिसतंय ना ते. रविवारी परत उघडतो, डबल टेप लावून बघतो.

काटा_काका

पातळ डबल टेप घे, फोमवाली नको. आणि उघडशील तेव्हा प्लग काढून उघड.